झावळ्यांच्या रविवारची तक्रार

डोंगरात राब भाजायला सुरुवात झाली की मला पेपरची धास्ती वाटते. पन्नाशीला टेकले, परीक्षा द्यायची काही उरली नाही, तरी वाटते. पोलादपूरच्या भोवतालच्या उतारांवर शेतकरी फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचतात आणि पेटवून देतात. पुढे त्याच भाजलेल्या जागेत भाताचं रोप टाकायचं असतं. संध्याकाळी तो धूर खाली उतरतो, बाजारातून फिरतो आणि दोरीवर वाळत घातलेल्या साड्यांत जाऊन बसतो. त्यात काजूच्या बोंडांचा आंबूस वास मिसळला की समजायचं, दहावीचे पेपर तोंडावर आले.

परवा आमच्या शिक्षकखोलीत एक तरुण सर मोठ्या कौतुकाने सांगत होते की चिठ्ठ्यांचे दिवस गेले, आता उत्तरं मोबाईलवर येतात. सगळे हसले. मी हसले नाही, म्हणून मग सगळे जरा गप्प झाले. शाळेत माझी ख्याती अशी आहे की बाई आल्या की हसू खिशात घालावं. ती ख्याती मी कमावलेली आहे, आणि ती कमावण्याच्या पहिल्या वर्षाबद्दलच आज लिहायचं आहे. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं.

मी मूळची नगरकडची. मिशनच्या शाळेत शिकले, बोर्डिंगात वाढले आणि इतिहास शिकवायला इकडे आले. शाळेत मी एकटीच ख्रिस्ती. त्यामुळे लोकांना माझ्याबद्दल जे काही ठाऊक होतं ते बहुतेक सिनेमातून आलेलं होतं. शिपायाने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "बाई, तुमी घरात इंग्रजीच बोलता?" मी म्हटलं, "बोलते मराठीत, भांडतेही मराठीत." हळूहळू त्यांना कळलं की मी भाकरीच खाते, वर ठेचाही खाते. मग मी त्यांच्या लेखी फक्त अर्धी परकी राहिले.

परीक्षेच्या हंगामात पोलादपुरात बिऱ्हाडं उतरायची. कापडे गावाच्या वरच्या वाड्या, आंबेनळीच्या वाटेवरची गावं, तिथून सकाळच्या पेपराला पोचेल अशी एसटी नव्हती. मग दोघीतिघी मुलींत मिळून एक खोली घ्यायची. सोबत तांदूळ, कुळीथ, सुका जवळा, सरपणाचे भारे, आणि रांधायला घरातली एखादी बाई. मी राहायचे ती चाळ चार खोल्यांची. मालक कुवेतला, त्यांची अम्मा महाडहून येऊन भाडं घेऊन जायची. माझ्या शेजारची खोली मार्चमध्ये कधी रिकामी नसायची. भिंत पातळ होती. पलीकडे कोण काय पाठ करतंय ते मला अंथरुणात ऐकू यायचं, आणि चुकलं तर मी भिंतीवर टकटक करून दुरुस्त करायचे. पलीकडे आधी एकदम शांतता व्हायची, मग खुसखुस.

त्या वर्षी शेजारी मंगल होती. आमच्याच शाळेतली, कापड्याच्या वरच्या एका वाडीतली. तिच्याबरोबर तिची आत्या सगुणाबाई, आणि एक मैत्रीण, जी रात्री नऊलाच झोपायची. मंगल इतिहासात बरी, मराठीत फारच बरी. निबंध असा लिहायची की मी तो घरी आणून पुन्हा वाचायचे. इंग्रजी मात्र ती स्तोत्रासारखं म्हणायची, अर्थ कळल्याशिवाय, डोळे मिटून. बाप मुंबईला गोदीत होता, वर्षातून एकदा मे महिन्यात यायचा.

कॉपीबद्दल मी इथे आल्या वर्षापासून ऐकत होते. आमच्या केंद्रावर पाणी पाजणारा गडी होता. एका हातात जग, दुसऱ्या हातात पेला. पेल्याच्या बुडाला बोटांनी धरलेली चिठ्ठीची घडी. मुलगा पाणी प्यायला की घडी त्याच्या तळहातात उतरायची. त्या परीक्षेइतकी तहान आमच्या मुलांना वैशाखातही लागत नसे. गडी काही वाईट माणूस नव्हता. त्यालाही तीन मुली होत्या, आणि आपण पुण्याचं काम करतोय अशी त्याची खरोखर समजूत होती. पाणी पाजणं, आणि वर पोरांचं भलं.

त्याआधी माझी नेमणूक दुसऱ्या केंद्रावर असायची. त्या वर्षी इंग्रजीच्या पेपरापासून मला आमच्याच केंद्रावर, आमच्याच मुलांच्या वर्गात पर्यवेक्षक म्हणून घातलं. कुणीतरी आजारी पडलं होतं.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी सगुणाबाई माझ्या दारात आली. ताटलीत नाचणीची गरम भाकरी आणि जवळ्याची चटणी. उंबऱ्याशी बसली, पदराने तोंड पुसलं.

"बाई, उद्या पोरींच्या वर्गात तुमी हाव ना?"

"आहे."

"लय बरं झालं. तुमचा देव माफ करतो म्हनतात."

"करतो की."

"मंग झालं तर," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मला वाटलं, म्हातारी धर्माची चौकशी करून गेली. मला बरंसुद्धा वाटलं. चटणी झकास होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की ती एकटी नव्हती. सगळ्या वाडीत, कदाचित सगळ्या पंचक्रोशीत, हाच हिशेब मांडला गेला होता: ख्रिश्चन बाई आहे, तिच्या देवाचं कामच माफ करणं, म्हणजे यंदा वर्गात कॉपीला माफी. वर्गात शिरले तेव्हा पोरं इतक्या निर्धास्त चेहऱ्याने बसली होती की मला आधी ती अभ्यास करून आलीत असंच वाटलं.

प्रश्नपत्रिका वाटायच्या आधी मी कचऱ्याची टोपली दाराशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, ज्याच्याकडे जे असेल ते यात टाका, कुणी टाकलं ते मी बघणार नाही. मागे बराच वेळ काहीच हललं नाही. मग एक बाक करकरला, मग दुसरा. मी वळले तेव्हा टोपली अर्धी भरली होती. तासाभराने गडी जग घेऊन आला. मी दारातच त्याच्या हातून जग घेतला. "पाणी मी पाजते," म्हटलं. तो पेला हातात धरून तसाच उभा राहिला, मग निघून गेला. मी फळ्याखालच्या पेल्यातून सगळ्यांना पाणी पाजलं. त्या दिवशी फारशी तहान कुणाला नव्हती.

मंगलने टोपलीत काही टाकलं नव्हतं. अर्ध्या वेळाने तिने ब्लाउजच्या बाहीतून घडी काढली आणि उत्तरपत्रिकेखाली सरकवली, अगदी सावकाश, लपवायचा फारसा प्रयत्नही न करता. मी तिच्यासमोर हात पसरला. तिने वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आश्चर्य होतं. आपल्याच माणसाने दार लावून घ्यावं तसं. तिने घडी माझ्या हातात ठेवली. मी ती टोपलीत टाकली, वर कळवलं नाही, आणि "लिही पुढे," म्हटलं. तिने पेन खाली ठेवलं. शेवटचा सगळा वेळ ती हाताची घडी घालून खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत बसली. तिथे कुणाचा तरी राब जळत होता.

संध्याकाळी सगुणाबाई पुन्हा आली. ताटली न्यायला.

"माफ करतो म्हनलाव ना तुमी?"

"माफच केलं, सगुणाबाई. वर कळवलं असतं तर तिला पुढचे पेपरही देता आले नसते."

"ह्याला माफी म्हनतात तुमच्यात?" ती आवाज चढवून बोलली नाही. मी फसवलं असं तिला मनापासून वाटत होतं. "भावानं सांगून ठेवलंय. पास झाली तर महाडला कॉलेजात घालीन. नाय तर मे महिन्यात मुंबईची मानसं गावात असतील, तवाच उरकून टाकायचं. स्थळ बघून ठेवलंय. तुमाला ठावं नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. रात्रभर भिंतीपलीकडून पाठांतर ऐकत होते, आणि हे ऐकू आलं नव्हतं.

"मंग तुमचा देव काय कामाचा, बाई?" ती म्हणाली. ताटली मी धुऊन ठेवली होती. ती घेऊन ती गेली.

केंद्र सांभाळणारे मोठे सर दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन बोलले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. म्हणाले, "बाई, सगळीकडे चालतं हे. शहरातली पोरं क्लास लावतात. आपल्या पोरांना ना क्लास, ना वीज, ना बस. एक दिवस आपण डोळा मिटला तर त्यांचं आयुष्य मार्गी लागतं. तुम्ही खऱ्याच्या बाजूच्या, मान्य. पण त्याची किंमत तुम्ही नाही देत, ती पोरगी देतेय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी आजही नाकारत नाही. काळ बिघडतो तो दुष्टांमुळे, असं मी लहानपणापासून प्रवचनात ऐकत आले होते. इथे माझ्यासमोर एक भला माणूस उभा होता आणि मायेने, कळकळीने सगळं बिघडवत होता. आणि मी, जी बिघडवत नव्हते, एका मुलीचं लग्न लावून देत होते.

प्रार्थना करायला गुडघे टेकले की काही सुचेना. जे सुचत होतं ते देवाला सांगण्यासारखं नव्हतं. खरं सांगायचं तर तो ऐकतो तरी का, इथपासून माझी सुरुवात होती. बोर्डिंगात आम्हाला शिकवलं होतं की शंका आली की गीत गावं. मी गायले. शंका तिथेच बसून ऐकत राहिली.

त्या आठवड्याचा रविवार झावळ्यांचा होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. उपवासाचे दिवस सरत आले होते. आमची मंडळी म्हणजे महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीतली पाचसहा घरं, जालन्या-नगरकडचे कामगार, दोन केरळी नर्स, आणि पोलादपूरहून एसटीने येणारी मी. उपासना दानिएलकाकांच्या क्वार्टरमध्ये व्हायची. दानिएलकाका कारखान्यात फिटर; पाळक, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून एकदा यायचे, बाकीचे रविवार काकाच चालवायचे. त्या वर्षी रमजानही त्याच दिवसांत आला होता. महाडच्या बाजारातली निम्मी माणसं रोज्याने सुकलेली, आम्ही उपवासाने, आणि मधून सावित्री नदीचं पात्र तर अगदीच सुकलेलं, नुसते गोटे. लहान मुलं नारळाच्या झावळ्या घेऊन खोलीला फेरी मारत होती. एकीने दुसऱ्याच्या डोळ्यात झावळी घातली, रडारड झाली, मग गीत झालं.

मग साक्षीची वेळ आली. ज्यांना आमच्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: साक्ष म्हणजे एकेकाने उभं राहून आठवड्यात प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. ताप उतरला, बढती मिळाली, स्टोव्ह भडकला पण हात वाचला. शेवटी सगळ्यांनी मिळून धन्यवाद म्हणायचं. त्यात सहसा एक उपप्रकार असतो, काळ किती वाईट आलाय याचा. दारू, वाळूवाले, टीव्ही, कॉपी. तो उपप्रकार सगळ्यांना आवडतो, कारण त्यात आपण नसतो.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझ्याकडे साक्ष नाही. तक्रार आहे."

कुणीतरी खाकरलं. माझं तोंड सुटलं होतं. मी म्हटलं, "प्रभू, तू खरं वागायला सांगितलंस, मी वागले. किंमत मात्र मंगल देतेय. ती तुला ओळखतही नाही. तिने तुझ्या माफीवर विश्वास ठेवला, माझ्यापेक्षा जास्त ठेवला, आणि ती बुडाली. हा कसला न्याय? तू ऐकतोस का हेही मला आता ठाऊक नाही. ऐकत असशील तर मला हे कळलं पाहिजे." एवढं बोलून मी खाली बसायला वाकले.

"बसू नका ताई," दानिएलकाका म्हणाले. "पुरं करा."

"झालं पुरं."

"नाही झालं. उद्याचा पेपर आहे ना? उद्या काय करणार ते सांगा त्याला."

मी तशीच वाकलेली राहिले क्षणभर. मग सरळ झाले. "उद्याही टोपली ठेवणार," म्हटलं. "पाणीही मीच पाजणार. पण तक्रार मागे घेणार नाही."

धन्यवाद म्हणायचं की नाही हे कुणाला कळेना. शेवटी एका केरळी नर्सबाईने आपल्या मोडक्या मराठीत "आमेन" म्हटलं आणि प्रश्न सुटला.

चहाच्या वेळी दानिएलकाका माझ्याशेजारी येऊन बसले. बशीत चहा ओतत म्हणाले, "नवऱ्याचं गाऱ्हाणं शेजारणीला सांगितलं तर ती चहाडी. नवऱ्याला तोंडावर सांगितलं तर तो संसार. तुम्ही आज संसार केलात. शास्त्रातली मोठमोठी माणसं हेच करत आली." आणि मग, अगदी सहज, "उत्तर लगेच मिळतं असं मात्र कुणी सांगितलेलं नाही हं." मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे संसाराचं मला काय कळणार, पण ते वाक्य मी पोलादपूरपर्यंत एसटीत घोळवत आले.

बापाने निकालापर्यंत वाट पाहिली नाही. इंग्रजीचा पेपर अर्धा कोरा सोडला हे मंगलने स्वतःच त्याला सांगून टाकलं. मे महिन्यात लग्न झालं. मी गेले. लोकांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, म्हणूनच गेले. अक्षता टाकल्या. मंगल रीतीप्रमाणे माझ्या पाया पडली आणि मान वर न करता पुढच्या बाईकडे सरकली. सगुणाबाईने मला पंक्तीत बसवलं, पानात दोनदा भात वाढला, आणि एक शब्द बोलली नाही.

त्या दिवाळीनंतर मी माझ्या पडवीत इंग्रजीचा वर्ग सुरू केला. मिशनच्या शाळेने मला जे फुकट दिलं होतं ते एवढंच होतं. खालच्या, वरच्या, सगळ्या वाड्यांतल्या मुलींनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावं आणि शेवटच्या एसटीने जावं. यात माझा मोठेपणा वगैरे काही नाही. मोठ्या सरांनी जे म्हटलं होतं त्याला माझ्याकडे तोंडी उत्तर नव्हतं. नुसता डोळा उघडा ठेवायचा आणि हात आखडता ठेवायचा, हे काही खरं वागणं नव्हे, एवढं मला मे महिन्यातल्या त्या मांडवात कळलं होतं. काही मुली पास झाल्या, काही झाल्या नाहीत. काहींना मी इतकं रागावले की त्या आल्याच नाहीत पुन्हा. टोपली मात्र दरवर्षी ठेवत गेले. एका वर्षी माझ्या खिडकीवर दगड आला. काच बदलली. एका वर्षी वरून बोलावणं आलं, की तुमच्यामुळे केंद्राचा निकाल पडतो. मी म्हटलं, निकाल पडला नाही, दिसला.

आणि दर झावळ्यांच्या रविवारी मी साक्षीला उभी राहते आणि तक्रार करते. तीच. मंगलचं नाव घेऊन. दानिएलकाका निवृत्त होऊन गावी जाईपर्यंत मिश्किलपणे म्हणायचे, "आला ताईंचा रविवार." आता नवी मंडळी आहे, पाळक कायमचे आहेत, स्वतःची इमारत आहे, माइक आहे. नव्या पाळकांनी एकदा सुचवलं की ताई, आता इतक्या वर्षांनी त्या गोष्टीचा निचरा व्हायला हवा. मी म्हटलं, पाळकसाहेब, निचरा पाण्याचा होतो. त्यांनी माइक पुढच्याकडे दिला. पण मला रोखलं कधी नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मनात अजून प्रश्न आहे की तो ऐकतो का. एक इतकंच झालं आहे की आता हा प्रश्नही मी त्यालाच विचारते, दुसरीकडे कुठे नेत नाही.

यंदा राब लवकर पेटले. गेल्या आठवड्यात मी पडवीत वह्या तपासत बसले होते तेव्हा चाळीच्या फाटकाशी एक जीप थांबली. टपावर सरपण, आत तांदळाची पिशवी, एक सडपातळ मुलगी दप्तर छातीशी धरून, आणि तिची आई. आईचे केस कानाजवळ पिकायला लागले होते. ती फाटक उघडून आत आली आणि उभी राहिली. नाव सांगायची गरज नव्हती. मी वह्या खाली ठेवल्या.

"बाजूची खोली हाय का, बाई?" मंगल म्हणाली.

खोली होती. नसती तर मी माझी दिली असती. संध्याकाळी तिने पडवीच्या कडेला तीन दगड मांडून चूल पेटवली. मुलगी आत पाठ करत होती. इंग्रजी. मधे एकदा अडली, आणि माझा हात सवयीने भिंतीकडे गेला, पण तिने आपणच सुधारलं. मी मंगलच्या चुलीपाशी जाऊन बसले. मला खूप काही बोलायचं होतं. बोलले ते एवढंच: "माझा राग असेल तुला."

"व्हता. लय व्हता." तिने फुंकणीने जाळ फुलवला. "अजून हाय थोडा."

"मग इथे का आलीस? दुसरीकडे केंद्रं आहेत. तिथे सोडतात."

"म्हनून तर. पोरीला सांगितलंय, ती बाई कुनाला सोडत नाय, तुज्या आईला बी सोडलं नाय. मंग वर्षभर बसली ती अभ्यासाला. दुसरीकडं घातली असती तर बसली असती का?" भाताला उकळी आली. तिने झाकण अर्धं सरकवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आत्या जाईपर्यंत म्हनायची, त्या बाईच्या देवानं फशिवलं. तुमी कधी इचारलंत का त्याला? माज्याबद्दल?"

"दरवर्षी विचारते."

"खरं?"

"सगळ्या मंडळीसमोर उभी राहून. तुझं नाव घेऊन."

ती चुलीवर वाकली. धूर तिच्या डोळ्यांत जात होता, का मला तसं वाटलं, सांगता येत नाही. "आनि तो काय म्हनतो?"

"अजून काही म्हणाला नाही."

मंगलने जळतं लाकूड पुढे सारलं. "मंग इचारत ऱ्हावा," ती म्हणाली. "आनि परवा वर्गात माज्या पोरीची बाही बघा. आधी तिचीच बघा."